हरारेला बाळंतपणाचं पाणी भरताना

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. आमच्या शिल्पाच्या वेळी मात्र माहेरालाच बॅगा भरून तिच्याकडे जावं लागलं, आणि तेही कुठे, तर झिंबाब्वेत, हरारेला. जावई मिलिंद तिथे खाण्याच्या तेलाच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. लग्न झाल्यापासून दोघं तिकडेच आहेत. सातव्या महिन्यात शिल्पाचं बीपी चढलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता विमान नाही. झालं, माझं तिकीट निघालं.

हे सगळं २००८च्या ऑक्टोबरातलं. दिवाळी तोंडावर आलेली. खालच्या मजल्यावरच्या भावनाबेन म्हणाल्या, "वहां तो सब बंद है, टीवी पे दिखाते हैं, आप अकेली कैसे जाएंगी?" टीव्हीवर दाखवत होते ते खोटं नव्हतं. निवडणूक झालेली, मग मारामाऱ्या, मग दोन पक्षांत समझोता, आणि समझोता होऊनही सरकार काही उभं राहत नव्हतं. दुकानं रिकामी. बाहेरच्या देशांचे निर्बंध. पण मी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, माणसांचा आरडाओरडा कानावर घेऊन शांत राहायची सवय आहे. शिवाय भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीचं पाणी नऊ वर्षं मी सांभाळलंय. व्हॉल्व्ह माझ्या हातात, टँकरवाल्याशी भांडण माझ्या तोंडी. टंचाई म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको, असं मी सगळ्यांना सांगत होते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते मला फार महागात पडलं.

व्हॉल्व्हची किल्ली ह्यांच्या हातात दिली, वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि निघाले. बॅगेत डिंक, खारीक, आळीव, बाळंतशेपा, ओवा, गूळ, जुन्या लुगड्यांची दुपटी, आणि उत्तनहून आणलेली दोन किलो सुकट, चार पिशव्यांत गुंडाळलेली. नैरोबीला विमान बदललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हरारेच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने बॅग उघडली. डिंकाकडे संशयाने पाहिलं, आळीव बोटांवर घेऊन पाहिले. मग सुकटीच्या पिशवीशी नाक नेलं आणि त्याचा चेहराच फुलला. "कापेंटा," म्हणाला, आणि बॅग बंद करून मला हाताने पुढे जायची खूण केली. कापेंटा म्हणजे त्यांच्याकडची वाळवलेली बारीक मासळी, हे मला नंतर कळलं.

पहिला दिवस

हरारे सुंदर आहे, हे आधी सांगते, कारण टीव्हीवर कुणी सांगत नाही. रस्ते इतके रुंद की आमचा साठ फुटी रोड तिथे गल्ली वाटेल. दोन्ही बाजूंना जॅकरांडाची झाडं, आणि ऑक्टोबरात त्यांना पान म्हणून दिसत नाही, नुसती जांभळी फुलं. खाली सडा पडलेला. आणि त्या सड्यावर माणसांच्या रांगा. बँकेपुढे रांग, पावाच्या दुकानापुढे रांग, एका ठिकाणी तर कशाची रांग आहे ते रांगेतल्यांनाही ठाऊक नव्हतं. मिलिंद म्हणाला, रांग दिसली की उभं राहायचं, पुढे काहीतरी असणारच.

सुपर मार्केटमध्ये त्याने मला मुद्दाम नेलं. दिवे लागलेले, फरशी पुसलेली, गणवेशातल्या मुली काउंटरवर उभ्या, आणि फळ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हिनेगारच्या बाटल्या. दुसरं काही नाही. मला हसावं की काय करावं कळेना. त्या मुलींनी मात्र आम्हाला अगदी अदबीने नमस्कार केला. विकायला काही नसताना नीट इस्त्री करून कामावर येणाऱ्या त्या पोरी बघून मला बरं वाटलं, हेही खरंच.

घरी दारात माई रूडो उभ्या होत्या. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात तशी. रूडोची आई, म्हणून माई रूडो. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी कमी, अंगाने भरलेल्या, बोलणं सावकाश. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. पण महिन्याच्या पगारात शाळेपर्यंत जायचं बसभाडंही निघेना, तेव्हा नोकरी सोडून शिल्पाकडे घरकामाला लागल्या. पगार म्हणून तेल, साबण, पीठ. नोटांवर शून्यं इतकी की त्या कुणी घेत नव्हतं. दोन्ही हात ओंजळीसारखे करून त्यांनी हलकेच टाळ्या वाजवल्या आणि गुडघ्यात किंचित वाकल्या. एका शिक्षिकेने माझ्यापुढे असं वाकावं याने मीच ओशाळले. शिल्पा म्हणाली, आई, हा मान आहे, तूही कर. मग मीही केला, गुडघे कुरकुरले तरी.

शिल्पाला पाहिलं. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, आता मी आलेय, तू फक्त पडून राहा. ती आठ वाजताच झोपली. मीही पडले.

दुसरी सकाळ

पहाटे पाचला जाग आली आणि कान टवकारले. स्वयंपाकघरातला नळ फुसफुसत होता. ज्याने भाईंदरमध्ये दिवस काढलेत त्याला तो आवाज झोपेतही कळतो. धावत गेले. आधी तांबडं, मग जरा बरं, बोटाएवढी धार लागली.

आता आमच्याकडे पाणी आलं की काय करतात? शिळं पाणी ओतायचं, भांडी विसळायची, ताजं भरायचं. यात विचार करण्यासारखं काही नाही, हात आपोआप चालतात. आमच्याकडे पाणी एकदा आलं की पाऊण तास कुठे जात नाही. बाथरूममध्ये कापडाखाली वीस-वीस लिटरचे दहा पिवळे डबे ओळीने मांडलेले होते, तेलाच्या कारखान्यातले. झाकण उघडलं तर कसलासा वास. म्हटलं, पोरीला जड अंगाने जमत नसेल, किती दिवसांचं पाणी साठवून ठेवलंय कुणास ठाऊक. चार डबे गुलाबांना घातले. तीन डब्यांनी व्हरांडा धुतला, अगदी कोपरे घासून. उरलेल्या तीन डब्यांनी सगळे डबे आतून खळखळून घेतले. फार प्रसन्न वाटत होतं. मग पहिला डबा नळाखाली धरला. नळाने दोनदा खोकल्यासारखं केलं, हवा सोडली आणि गप्प बसला.

सात वाजता माई रूडो आल्या. ओला व्हरांडा पाहिला, बाथरूममध्ये गेल्या, एकेक डबा हाताने हलवून पाहिला. बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

मग शिल्पाने सांगितलं ते पाणी कसलं होतं. सरकारी रुग्णालयांत डॉक्टर नव्हते, औषधं नव्हती, नळाला पाणी नव्हतं. शिल्पाचं नाव घातलं होतं ते एका निवृत्त नर्सबाईच्या छोट्या प्रसूतिगृहात. या सिस्टरबाईंनी मोठ्या रुग्णालयात जन्म घालवलेला, गरज पडली तर डॉक्टरही बोलवायच्या. पण त्यांची अट होती. हातमोजे, कापूस, मेणबत्त्या आपण आणायच्या, आणि दहा डबे उकळलेलं पाणी आणायचं. पाणी नसेल तर दाखल करून घेणार नाही. गावात कॉलऱ्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या, घाणेरड्या पाण्याने बाई दगावली तर काय करायचं, असं त्या म्हणायच्या. ते दहा डबे माई रूडोंनी तीन आठवडे रांगेत उभं राहून भरले होते, चुलीवर उकळले होते, त्यात जंतुनाशकाचे थेंब टाकले होते. मला आला तो वास त्या थेंबांचा. पुन्हा नळाला पाणी कधी येईल? शिल्पा म्हणाली, मागच्या खेपेला पंधरा दिवसांनी आलं होतं, तेही एवढंच. आणि तिची तारीख पंधरा दिवसांवर होती.

मी डोक्याला हात लावून बसले. मिलिंद बिचारा म्हणाला, बघू, कारखान्याच्या बोअरवेलचं काही होतंय का. मग स्वतःच म्हणाला की पंपाची मोटर सहा महिने बंद आहे, सुटा भाग युरोपातून यायचा, आणि तिथली बँक पैसेच घ्यायला तयार नाही. शिल्पा मात्र रागावली नाही. म्हणाली, "आई, तूच ओतलंयस ना, आता तूच भर."

रांग

हातपंप चर्चच्या आवारात होता, घरापासून वीस मिनिटांवर. एका माणसाला दिवसाला एक डबा, असा तिथला नियम. माई रूडोंचा डबा रोजच्या वापराला, माझा बाळंतपणाला. म्हणजे दहा दिवस, एकही खाडा न करता.

पहिल्या दिवशी मी जरा ताठ्यातच गेले होते. मनात म्हटलं, पाण्याची रांग कशी लावतात ते दाखवते यांना. डबे रांगेत ठेवायचे, माणसांनी सावलीत बसायचं, ही आमची भाईंदरची पद्धत. जाऊन बघते तर डबे रांगेतच होते, आणि ज्यांना डबा घरी वापरायला लागतो त्यांच्या जागी विटा होत्या. विटेवर खडूने नाव. कुणाची वीट कुणी हलवत नव्हतं. गरोदर बाई, म्हातारं माणूस आणि ज्याच्या घरी मयत झालंय तो, हे तिघं न विचारता पुढे. आमच्याकडे टँकरपुढे बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, मीही एकदा धरल्यात. मी मुकाट्याने माझा डबा शेवटच्या विटेमागे ठेवला.

तिथली सकाळची विचारपूस मला फार आवडली. एक विचारते, नीट झोपलात का? दुसरी म्हणते, तुम्ही झोपला असाल तर मीही झोपले. असं रांगेतल्या प्रत्येकीला विचारायचं. चाळीस बायका असल्या तरी चाळीस जणींना. आमच्या जिन्यात आम्ही मान हलवतो, तीही एकमेकींची कचऱ्याची पिशवी बघत.

माझी गोष्ट रांगेत माझ्याआधीच पोचली होती. लेकीच्या बाळंतपणाचं पाणी झाडांना घालणारी इंडियन आजी म्हणून बायका मला बघायला यायच्या. हसायच्याही, तोंडावर हात ठेवून. एकीने विचारलं, का ओतलंत? मी शिळं पाणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांना काही केल्या पटेना. पाणी कसं शिळं होईल, ते तर ढगात असल्यापासून जुनंच आहे, असं एक म्हातारी म्हणाली.

राजकारणावर कुणी मोठ्याने बोलत नसे. चर्चच्या भिंतीवर पोस्टर होतं, सगळ्या हालांना निर्बंध कारणीभूत आहेत असं सांगणारं. मी माई रूडोंना विचारलं, खरं काय? मिलिंदने मला समजावलं होतं की कागदावर निर्बंध काही माणसांवर आणि कंपन्यांवर आहेत, पण देशाचं नाव वाचलं की बाहेरच्या बँका सगळ्यांनाच दारातून परत पाठवतात. तर दुसरे म्हणत होते की राज्यकर्त्यांनीच देश धुऊन खाल्ला आणि आता बोट बाहेर दाखवतायत. माई रूडो डबा उचलून डोक्यावर ठेवेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, दोघंही खरं बोलतायत, आणि दोघांच्याही घरी पाणी आहे.

सहाव्या दिवशी एक टेम्पो आला. पक्षाचे टी-शर्ट घातलेली चार दांडगी माणसं, मागे मोठाले ड्रम. सरळ पंपापाशी गेले आणि आधी आमचे भरा म्हणाले. मी उठलेच. आमच्याकडे नगरसेवकाच्या माणसाला मी टँकरवरून खाली उतरवलंय, ही माणसं काय. माई रूडोंनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला. "बसा," म्हणाल्या, "तुम्ही उद्या विमानात बसाल. आम्ही इथेच असणार." निवडणुकीनंतर त्यांच्या भावाला असल्याच माणसांनी मारलं होतं, तो अजून काठी घेऊन चालतो. हे त्यांनी मला तेव्हा, पहिल्यांदा सांगितलं.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. एक बाई पंप मारायला पुढे झाली. दहा-बारा वेळा दांडा हलवला, बोटभर पाणी आलं आणि तिने हात सोडले. पंपाला विसावा लागतो, म्हणाली. पाणी खाली गेलंय, वर यायला अर्धा तास. सगळ्या बायका सावलीत जाऊन बसल्या. अर्ध्या तासाने दुसरी उठली, पुन्हा बोटभर, पुन्हा विसावा. कुणी उलट बोललं नाही, कुणी हसलं नाही. ती माणसं उन्हात उभी. त्यातला एक स्वतः दांड्याला लोंबकळला, पण दांडा आधी थोडा वर उचलून मग खाली दाबायचा ही त्या पंपाची खोड त्याला कुठे माहीत होती. दोन तासांनी शिव्या देत टेम्पो निघून गेला, ड्रम कोरडेच. पंप लगेच बरा झाला. मी आरडाओरडा करून त्या दिवशी कुणाचंतरी डोकं फोडून घेतलं असतं, आणि या बायकांनी सावलीत बसून काम केलं.

मधले दिवस

रोज घरी आल्यावर अंगणात तीन दगडांची चूल. वीज कधी असायची, कधी नसायची. पाणी खळखळा उकळायचं, गार करायचं, थेंब टाकायचे, झाकण लावायचं, झाकणावर तारीख लिहायची. शेजारी माई रूडो मक्याच्या पिठाची साडझा घाटत असायच्या. आपली तांदळाची उकड असते ना, तशीच, फक्त इतकी घट्ट की हाताने गोळा करून खायची. सोबत हिरवा पाला आणि मिळाला तर कापेंटा, कांदा-टोमॅटोत परतलेला. मी माझ्या सुकटीची कोरडी चटणी केली. त्यांनी साडझेच्या गोळ्याबरोबर चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाल्या की मासा आमचाच आहे, तिखटाने मात्र तुम्ही त्याच्यावर सूड घेताय. दुसऱ्या दिवशी रांगेत त्यांनी चटणीची पुडी नेली. तिथेही ती संपली.

नरकचतुर्दशी आली. रोजच्या वापराच्या डब्यातलं एकेक तांब्याच पाणी प्रत्येकाला. उटणं मी नेलं होतं. एका तांब्यात उटणं लावून अंघोळ कशी करायची ते मला विचारा. पंचा भिजवायचा आणि त्यानेच अंग पुसून काढायचं. मिलिंद म्हणाला, यापेक्षा तुमचं भाईंदर परवडलं. हसलो सगळे.

त्याच दिवशी मी शिल्पाशी बोलले. म्हटलं, बाळ झालं की दोन महिन्यांत सगळे परत चला. इथे काय ठेवलंय? पाणी नाही, वीज नाही, उद्याचा भरवसा नाही. तिने नीट ऐकून घेतलं. मग सांगितलं की कारखान्यात चाळीसेक माणसं आहेत. पगार म्हणून त्यांना तेल मिळतं, त्या तेलावर त्यांच्या घरी पीठ येतं. मशीन चालवणारा मिलिंद एकटा उरलाय, बाकीचे इंजिनिअर निघून गेले. तो गेला की मशीन बंद. "आई, तू नऊ वर्षं सोसायटीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे दिली होतीस का?" असं विचारून ती कुशीवर वळली. मला राग आला होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिचा जराही अभिमान वाटला नाही.

प्रसूतिगृह

नऊ डबे भरून झाले. दहाव्या दिवशी मी रांगेत होते, माझ्यापुढे तीसेक विटा. एवढ्यात मिलिंद गाडी घेऊन आला. शिल्पाला कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या पाच दिवस आधीच. मी डबा तसाच टाकून निघणार, तेवढ्यात माई रूडोंनी त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि माझा रिकामा डबा हातोहात पुढे गेला. दोघी दांड्यावर चढल्या. डबा भरून परत आला तो पण हातोहात. इतकी पुढे जाऊनही मला कुणी थँक यू म्हणू दिलं नाही. तो दहावा डबा मग प्रसूतिगृहाच्या अंगणातच उकळला.

सिस्टरबाई बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, गणवेश झिजलेला पण स्वच्छ. त्यांनी आधी शिल्पाचं बीपी पाहिलं, मग डबे मोजले, एकेकाचं झाकण उघडून वास घेतला आणि मान डोलावली. दहाच्या दहा डबे भिंतीला लावून मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले, राखण करत. खोली एकच, मधे पडदा, दोन खाटा. शिल्पा दाराजवळच्या खाटेवर.

अकराच्या सुमाराला फाटकात एक हातगाडी आली, बांधकामावर माती वाहायला असते ती एकचाकी. तीत चादर टाकून एक मुलगी बसलेली, शिल्पाहूनही लहान, पोट हे एवढं. गाडी ढकलणारा तिचा नवरा घामाने निथळत होता. सरकारी रुग्णालयाने दारातूनच परत पाठवलं होतं. सिस्टरबाईंनी विचारलं, पाणी? त्याने एक बाटली दाखवली. सिस्टरबाई त्याला हळू आवाजात समजावत होत्या की पाण्याशिवाय मी हात लावू शकत नाही, जंतू होतील, बाई हातची जाईल. ती मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली होती, दात ओठांवर रुतवून. मग सिस्टरबाईंनी वळून डब्यांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे.

मी दुसरीकडे बघितलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. दहा दिवसांचे पाय माझे होते. एकदा ओतून बसले होते, आता एक थेंब मी कुणाला देणार नव्हते. माझी लेक, तिचं बीपी, तिचं पहिलं बाळ, एवढंच मला दिसत होतं.

कळ ओसरली तशी शिल्पाने डोळे उघडले. तिने ती मुलगी पाहिली, सिस्टरबाईंना पाहिलं, मला पाहिलं. सगळं समजली. "आई," म्हणाली, "पाच डबे त्यांना दे."

मी म्हटलं, "तू गप्प पड. तुलाच कमी पडलं म्हणजे?"

तिला पुढची कळ आली. माझा हात तिने इतका आवळला की बांगडी पिचली. कळ गेल्यावर, घामाने भिजलेल्या तोंडाने, श्वास घेत घेत बोलली, "कमी पडलं तर तू आणशील. मला माहितेय ना."

मी उठले. पाच डबे एकेक करून पडद्यापलीकडे मी माझ्या हाताने नेले. त्या मुलीचा नवरा धावत मदतीला आला, मी त्याला हात लावू दिला नाही. सिस्टरबाई म्हणाल्या, पुरवू. आणि पुरवलं बाईने. हात धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं बाहेर संडासला, एक तांब्या वाया गेला नाही. मी नऊ वर्षं पाणी सांभाळल्याच्या गमजा मारते, पण तसं सांभाळणं मी पाहिलं नव्हतं.

त्या मुलीला दीड वाजता मुलगा झाला. आमच्याकडे पावणेचारला मुलगी. शिल्पाचं बीपी मधे एकदा चढलं, डॉक्टरांना बोलावणं गेलं, ते येईपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला. पण उतरलं. पडद्यापलीकडून त्या नवऱ्याने ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. मलाही वाजवाव्याशा वाटल्या, पण माझ्या हातात नात होती.

अडीच महिने राहून मी परत आले. डिंकाचे लाडू खाऊन शिल्पा चांगली भरली. ती, मिलिंद आणि बाळ अजून तिथेच आहेत, कारखानाही रडतखडत चालू आहे. इथे भेटेल तो विचारतो, नात कोणावर गेलीय, गोरी आहे का, नाव काय ठेवलंत. भावनाबेननी तर जिन्यातच गाठलं आणि लेकीला तसल्या देशात ठेवून कशी आलात म्हणून मला झापलं. मी त्यांना घरात नेलं, बसवलं. म्हटलं, नातीचं नंतर सांगते, भावनाबेन. आधी माझी मुलगी कशी आहे ते ऐका.